तेलवाहिनीच्या पर्यावरण परीक्षणावर सरकारचा किती पैसा गेला, हे कागदांवरून कसं काढायचं

वावरातून तेलाची पाइपलाइन जाणार अशी नोटीस आली की गावात आधी मोबदल्याचं बोलणं निघतं, आणि ते निघायलाच हवं. दुसरा प्रश्न पुढे कधीतरी जनसुनावणीच्या मांडवात येतो: हे सगळं तपासायला सरकारनं किती पैसा घातला? त्याचं उत्तर मंचावरच्या कोणाकडेच तयार नसतं. यात दरवेळी लपवाछपवीच असते असं नाही. एका प्रकल्पाच्या पर्यावरण परीक्षणासाठी वेगळं लेखाशीर्ष उघडत नाहीत. अधिकाऱ्याचा पगार वेतनाच्या शीर्षात जातो, गाडीचं डिझेल इंधनाच्या, जाहिरात प्रसिद्धीच्या, आणि दिल्लीतल्या बैठकीचा खर्च दिल्लीच्या हिशोबात. आकडा पाच-सहा कार्यालयांच्या प्रमाणकांमध्ये, म्हणजे व्हाउचरांमध्ये, विखुरलेला असतो. तो गोळा करून जोडावा लागतो, आणि एखादा पंचायत सदस्य, तालुक्याचा वार्ताहर किंवा कॉलेजातला विद्यार्थी माहिती अधिकार आणि एक वही घेऊन ते करू शकतो.

आधी पाहा, पर्यावरण मंजुरी लागते का

इथेच बहुतेकांची पहिली चूक होते. प्रत्येक तेलवाहिनीला केंद्राची पर्यावरण मंजुरी लागतेच असं नाही. १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेच्या अनुसूचीत बाब ६(अ) मध्ये तेल आणि वायूच्या वाहिन्या येतात, पण त्या राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य, प्रवाळ क्षेत्र किंवा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रातून जात असतील तरच. तशा वाहिन्या ‘अ’ वर्गात धरल्या जातात आणि त्यांचा निर्णय राज्यात न होता दिल्लीत होतो. नुसत्या कपाशीच्या आणि सोयाबीनच्या वावरांतून जाणारी वाहिनी या जाळ्यात येत नाही. मग त्या वाहिनीच्या ‘ईआयए खर्चाचा’ अर्ज केला की ‘अशी संचिका नाही’ असं खरंखुरं उत्तर येतं आणि लोक उगाच चिडतात.

विदर्भात ही शक्यता तपासून पाहावीच लागते. ताडोबा-अंधारी, पेंच, मेळघाट, बोर, नवेगाव-नागझिरा हे व्याघ्र प्रकल्प आहेत. टिपेश्वर, पैनगंगा, उमरेड-पवनी-कऱ्हांडला, ज्ञानगंगा, काटेपूर्णा, कारंजा-सोहोळ ही अभयारण्यं आहेत. उत्तर-दक्षिण किंवा पूर्व-पश्चिम कोणतीही लांब रेघ ओढली तर ती यांपैकी एखाद्याच्या जवळून जाते. जवळून जाणं आणि आतून जाणं यात मात्र कायद्याच्या दृष्टीनं मोठा फरक आहे. कंपनीचा सर्व्हेअर तो फरक राखूनच नकाशा आखतो. रेघ दोन-तीन किलोमीटर वळवली की वाहिनीची लांबी वाढते, पण मंजुरीचा एक अख्खा टप्पा वाचतो.

मार्ग कळायला दोन ठिकाणं आहेत. एक म्हणजे भारताचं राजपत्र. पेट्रोलियम आणि खनिज वाहिनी कायदा, १९६२ च्या कलम ३(१) खाली निघणाऱ्या अधिसूचनेत गावाचं नाव, गट नंबर आणि क्षेत्र असतं. (हरकतीसाठी २१ दिवस मिळतात. खर्चाचा अभ्यास करता करता ती मुदत जाऊ देऊ नका.) दुसरं ठिकाण म्हणजे केंद्राचं परिवेश पोर्टल. प्रस्ताव पर्यावरण, वन किंवा वन्यजीव मंजुरीला गेला असेल तर त्याचा प्रस्ताव क्रमांक, अर्ज आणि नकाशाची फाइल तिथे सापडते. हा प्रस्ताव क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढच्या प्रत्येक अर्जात तो लागणार आहे.

पर्यावरण मंजुरी लागत नसली तरी वनजमीन ओलांडायची असेल तर वन मंजुरी, आणि संरक्षित क्षेत्र असेल तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीची शिफारस लागते. त्या परीक्षणांनाही सरकारचा वेळ आणि पैसा लागतो. म्हणून हिशोबाचं शीर्षक ‘ईआयए खर्च’ असं ठेवण्यापेक्षा ‘पर्यावरण, वन व वन्यजीव परीक्षण’ असं ठेवलेलं बरं, आणि प्रत्येकाचा रकाना वेगळा.

पैसा कोणाच्या खिशातून जातो

ईआयए अहवाल कंपनी करून घेते. त्यासाठी नाबेट या मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीतला सल्लागार ती स्वतः निवडते आणि त्याचं बिलही तीच भरते. पावसाळा सोडून एका हंगामाचं मोजमाप, हवेतली धूळ, विहिरीचं पाणी, मातीचे नमुने, प्राणी-वनस्पतींची यादी, धोक्याचं विश्लेषण, सगळं त्यातच येतं. हा सरकारी खर्च नाही. ज्याची तपासणी करायची त्यानंच तपासनीस नेमायचा, ही या पद्धतीची जुनी दुखरी जागा आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

एक मेख इथे आहे. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, हिंदुस्थान पेट्रोलियम, गेल यांत सरकारची मालकी आहे किंवा सरकारी नियंत्रण आहे. गेलची मुंबई-नागपूर-झारसुगुडा वायूवाहिनी याच भागातून, बऱ्याच ठिकाणी समृद्धी महामार्गाच्या कडेनं गेली आहे. अशा कंपनीनं सल्लागाराला दिलेला पैसा कोषागारातला नसला तरी सार्वजनिक पैसा आहेच. तो ‘सरकारी खर्चात’ मिसळू नका, पण सोडूही नका. आणखी एक स्वतंत्र रकाना करा: सार्वजनिक उपक्रमाचा खर्च. या कंपन्यांना माहिती अधिकार लागू आहे, म्हणून त्यांच्याकडून सल्लागाराचा कार्यादेश आणि देयकं मागता येतात. अभ्यास नागपूरच्या नीरीला दिला असेल तर तीही केंद्राची प्रयोगशाळा आहे. तिथे उलट पैसा सरकारी संस्थेत येतो, त्यामुळे तोच आकडा दोनदा धरला जाण्याचा धोका असतो.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळही कोषागारावर चालत नाही. त्याचं उत्पन्न मुख्यतः उद्योगांच्या संमती शुल्कातून येतं. म्हणजे मंडळानं खर्च केलेला रुपया आणि जिल्हाधिकारी कार्यालयानं खर्च केलेला रुपया दोन वेगळ्या तिजोऱ्यांतून गेला. बेरीज करा, पण तिजोरी कोणती ते प्रत्येक ओळीपुढे लिहा. हे केलं नाही तर पहिल्याच वादात समोरचा तुमचा आकडा खोडून काढतो.

खर्च कुठे कुठे होतो

सुरुवात दिल्लीत होते. अर्ज आल्यावर मंत्रालयातली तज्ज्ञ मूल्यांकन समिती अभ्यासाच्या अटी ठरवते, म्हणजे टीओआर. शेवटी अहवाल आला की तीच समिती तो तपासते. अधिसूचनेप्रमाणे तपासणीला ६० दिवस आणि शिफारशीनंतर निर्णयाला ४५ दिवस. खर्च म्हणजे बिगरसरकारी सदस्यांचं बैठक मानधन, त्यांचा प्रवास आणि मुक्काम, सचिवालयातला कर्मचारी वर्ग, आणि जागेची पाहणी ठरवली असेल तर तिचा दौरा. एका बैठकीत अनेक प्रकल्प असतात. समितीचं इतिवृत्त परिवेशवर असतं, त्यात विषय मोजा आणि बैठकीच्या एकूण खर्चाला त्या संख्येनं भागा. काही विषय पाच मिनिटांत संपतात आणि काहींवर तासभर खल होतो, त्यामुळे ही वाटणी ढोबळ आहे. तसं वहीत नोंदवा आणि पुढे चला.

सगळ्यात जास्त कागद तयार होतात ते जनसुनावणीत, म्हणून तिथे सावकाश थांबावं. टीओआरच्या पत्रात सुनावणी सांगितली आहे की सूट दिली आहे ते आधी वाचा. सांगितली असेल तर ती जिल्हानिहाय घ्यावी लागते. वाहिनीला मंजुरी लागणारा पट्टा नागपूर, वर्धा आणि यवतमाळ अशा तीन जिल्ह्यांत असेल तर तीन सुनावण्या, तीन मांडव, तीन बंदोबस्त. एकाच जागी उभ्या राहणाऱ्या कारखान्यापेक्षा वाहिनीचा सरकारी खर्च वेगळा दिसतो तो मुख्यतः यामुळे.

क्रम असा असतो: कंपनी मंडळाला विनंतीपत्र, मसुदा अहवाल आणि मराठी सारांश देते. प्रती जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी ठेवतात. मंडळ एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात किमान ३० दिवस आधी जाहिरात देतं. वर्तमानपत्र पोचत नाही तिथे दवंडी किंवा आकाशवाणीवरून कळवावं असं अधिसूचनाच म्हणते. मेळघाटातल्या किंवा झरी-जामणीकडच्या गावात दवंडी खरंच झाली का, कोतवालाला त्याचे पैसे मिळाले का, हे विचारण्यासारखं आहे, कारण दवंडीची नोंद नसेल तर खर्चही नाही आणि सूचनाही नाही. सुनावणीच्या अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला प्रतिनिधी बसतो. सगळ्या कामकाजाचं चित्रीकरण होतं. इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवून त्याच दिवशी सही करायचं आणि आठ दिवसांत पाठवायचं असतं. विनंती आल्यापासून सगळं ४५ दिवसांत आटोपायचं असतं.

मंडप, भोंगे, खुर्च्या, पाणी, चित्रीकरण हे अनेकदा कंपनी परस्पर करते. सरकारी रोकड वहीत ते सापडत नाही आणि शोधणारा म्हणतो, ‘सुनावणी फुकटात झाली की काय?’ फुकटात झालेली नसते. मंडळानं कंपनीकडून रक्कम भरून घेतली असेल तर पावती असते, आणि कंपनीनं थेट मंडपवाल्याला दिली असेल तर मंडळाच्या संचिकेत निदान पत्रव्यवहार असतो. भरून घेतलेली रक्कम सरकारी खर्चातून वजा करायची असते. ही वजाबाकी विसरली की आकडा फुगतो.

सुनावणी पुढे ढकलली गेली तर त्याच दैनिकांत पुन्हा जाहिरात, पुन्हा बंदोबस्त. पेरणीच्या आठवड्यात किंवा पोळ्याच्या तोंडावर तारीख लावली की हे हमखास ओढवतं, कारण कास्तकार येत नाहीत किंवा येऊन ‘आत्ता नको’ म्हणतात. चुकीच्या तारखेचा खर्च हा स्वतंत्र ओळीत दाखवण्याजोगा आकडा आहे. पुढच्या वेळी तारीख ठरवताना जिल्हाधिकाऱ्यांपुढे हाच कागद ठेवता येतो.

वनखात्याचा खर्च कमी बोलला जातो आणि जास्त असतो. वनरक्षक आणि वनमजूर वाहिनीच्या पट्ट्यातली झाडं मोजतात, महसूल आणि भूमी अभिलेखच्या माणसांबरोबर संयुक्त मोजणी होते, आरएफओ (वनपरिक्षेत्र अधिकारी) आणि उपवनसंरक्षक जागा पाहतात, मग अहवाल वर सरकतो. वाहिनी टाकण्यासाठी कंपनीला मिळणारा वापर हक्काचा पट्टा साधारण १८ ते ३० मीटर रुंद असतो. १८ मीटर रुंद पट्टा एक किलोमीटर गेला की १.८ हेक्टर होतो. त्यात सागाचं रान असेल तर मोजणीला किती माणसं आणि किती दिवस लागतील ते जंगल ओळखणाऱ्याला सांगायला नको. या दिवसांची नोंद हजेरीपटात आणि दैनंदिनीत असते.

अर्ज कसा लिहायचा

राज्याच्या कार्यालयांना, म्हणजे जिल्हाधिकारी, मंडळ, पोलीस अधीक्षक आणि उपवनसंरक्षक यांना, महाराष्ट्राचे नियम लागतात. जोडपत्र ‘अ’, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. केंद्राच्या कार्यालयांना, म्हणजे मंत्रालय, नीरी आणि तेल कंपन्या यांना, ५०० शब्दांपर्यंत लिहिता येतं, आणि जास्त शब्द झाले एवढ्यावरून अर्ज फेटाळता येत नाही. दोन्हीकडे ऑनलाइन अर्जाची सोय आहे. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही, दाखल्याची प्रत मात्र जोडावी लागते.

‘या प्रकल्पाच्या पर्यावरण परीक्षणावर एकूण किती खर्च झाला?’ असं कधीच विचारू नका. माहिती अधिकारात कार्यालयाकडे जो कागद आहे तो मिळतो. नवी बेरीज करून द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही, आणि ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ हे उत्तर त्याच्याकडे तयार असतं. कागदाचं नाव घेऊन मागा. मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला लिहायचा मजकूर साधारण असा:

‘विषय: (तारीख) रोजी (ठिकाण) येथे झालेली (वाहिनीचे नाव, प्रस्ताव क्रमांक) पर्यावरणविषयक जनसुनावणी. कालावधी: (पासून) ते (पर्यंत). खालील कागदपत्रांच्या प्रती हव्यात. १) सुनावणीच्या संचिकेतील टिपणी व पत्रव्यवहार. २) दैनिकांतील जाहिरातींचे आदेश व देयके. ३) मंडप, ध्वनिक्षेपक, चित्रीकरण व छपाईची देयके, आणि ती कोणी अदा केली हे दर्शवणारा कागद. ४) कंपनीने सुनावणीसाठी भरलेल्या रकमांच्या पावत्या. ५) उपस्थित अधिकाऱ्यांची प्रवास भत्ता देयके व त्या दिवसांची वाहन लॉगबुकची पाने. प्रती घेण्यापूर्वी संचिकेची पाहणी करायची आहे.’

शेवटचं वाक्य सोडू नका. झेरॉक्स पानाला दोन रुपये पडतात आणि सुनावणीची संचिका शेकडो पानांची असू शकते, त्यात निम्मी पानं अहवालाचीच. आधी पाहणी करून हव्या त्या पानांचे क्रमांक लिहून दिले तर शंभरेक रुपयांत काम होतं. पाहणीला जाताना टिपणीची पानं आधी वाचा. हिरव्या-पांढऱ्या कागदावर कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर संचिका होती, कोणी काय शेरा मारला, हे तिथे क्रमानं असतं. अधिकाऱ्यांनी किती वेळ दिला याचा यापेक्षा चांगला पुरावा मिळत नाही.

जिल्हाधिकारी कार्यालयाला सुनावणीच्या दिवसाचा कार्यक्रम, अधिकाऱ्यांच्या दैनंदिनीतली ती पानं आणि त्या तारखांची प्रवास भत्ता प्रमाणकं मागा. राज्याच्या हिशोबात वेतन ०१, देशांतर्गत प्रवास ११ आणि कार्यालयीन खर्च १३ अशी उपशीर्षं असतात. ‘उपशीर्ष ११ मधून या तारखांना अदा झालेली प्रमाणकं’ असं लिहिलं की लेखा शाखेतल्या माणसाला नेमकं कळतं. पोलिसांकडे माणसांची नावं किंवा बंदोबस्ताची योजना मागू नका, सुरक्षेच्या कारणावरून नकार येईल. फक्त हुद्द्यानुसार संख्या आणि तास मागा, शिवाय बंदोबस्ताचं शुल्क कोणाला आकारलं असेल तर त्याची पावती.

तेल कंपनीकडे सल्लागाराचा करार मागितला की ‘वाणिज्यिक गोपनीयता’, कलम ८(१)(ड), पुढे येतं. सल्लागार हा त्रयस्थ पक्ष, म्हणून कलम ११ खाली त्याला नोटीस जाते आणि त्याला म्हणणं मांडायला १० दिवस मिळतात. उत्तराची मुदत इथे ४० दिवसांपर्यंत जाते. अख्खा करार मागण्याऐवजी फक्त कार्यादेशाचं मूल्य आणि अदा केलेल्या रकमा मागाव्यात. काम संपल्यावर त्या आकड्यात गुपित ठेवण्यासारखं फारसं उरत नाही, आणि कलम १० प्रमाणे गोपनीय भाग झाकून बाकीचा देता येतो. ‘माहिती गोळा करायला फार मनुष्यबळ लागेल’ असं कलम ७(९) दाखवून कोणी नाकारलं तर त्याला कलम वाचायला सांगा: त्यात माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची ते बदलता येतं, नकार देता येत नाही.

अर्ज चुकीच्या दारात पडला तर पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करायचा असतो. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर माहिती फुकट मिळते आणि पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. राज्यात अपिलाला २० रुपयांचं स्टॅम्प लागतं, केंद्रात काही नाही. दुसऱ्या अपिलाला ९० दिवस आहेत. ते राज्याच्या कार्यालयाविरुद्ध असेल तर राज्य माहिती आयोगाचं खंडपीठ नागपूरला आणि अमरावतीला आहे, मुंबईची वारी पडत नाही. तिथे तारीख लागायला बराच काळ जातो, तोवर बाकीच्या कार्यालयांचे कागद जोडत बसा. आणि एक घाई मात्र कराच: लॉगबुक आणि किरकोळ देयकांसारखे कागद अभिलेखाच्या खालच्या वर्गात टाकले जातात, आणि ‘ड’ वर्गातला कागद वर्षभरात नष्ट होऊ शकतो. सुनावणी होऊन दोन वर्षांनी अर्ज केला तर ‘अभिलेख नष्ट’ हे उत्तर खरं असेल.

पगाराचे तास रुपयांत कसे बदलायचे

देयकांची बेरीज केली की आकडा छोटा निघतो, हजारांत. म्हणून काही जण म्हणतात, परीक्षणाला सरकारचं काही लागत नाही. खरा खर्च पगारी वेळेचा असतो आणि त्याचं बिल कोणी काढत नाही.

त्यासाठी माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ खाली प्रत्येक कार्यालयानं स्वतःहून जाहीर करायची वेतनाची यादी घ्या. मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे आणि निवृत्तिवेतनातलं सरकारचं अंशदान जोडून महिन्याचा आकडा काढा. २२ दिवस आणि ८ तास धरले तर महिन्याचे १७६ तास होतात. समजा, सुनावणीच्या अध्यक्षस्थानी बसलेल्या अधिकाऱ्याचा महिन्याचा एकूण खर्च १,३०,००० रुपये आहे. तासाचे ७३९ रुपये झाले. जाण्यायेण्याचे तीन, मंचावरचे सहा, इतिवृत्त वाचून सही करण्याचे दोन, असे अकरा तास धरले तर सुमारे ८,१२५ रुपये. आता बंदोबस्त बघा. समजा ३० पोलीस आठ तास होते आणि एकाचा महिन्याचा खर्च सरासरी ५५,००० आहे. तासाचे ३१२ रुपये ५० पैसे, म्हणजे एकूण ७५,०००. हे आकडे फक्त रीत दाखवायला घेतले आहेत, तुमच्या जिल्ह्याचे खरे आकडे टाका. पण गंमत इथेच कळते: पर्यावरण तपासणाऱ्याच्या वेळेपेक्षा गर्दी सांभाळणाऱ्याच्या वेळेवर कितीतरी जास्त पैसा जाऊ शकतो, आणि दोन्ही एकाच ‘परीक्षणाच्या’ नावावर पडतात. म्हणूनच बंदोबस्ताचा रकाना वेगळा ठेवायचा.

चुका ठरलेल्या असतात. अधिकारी सकाळी सुनावणीला आणि दुपारी दुसऱ्याच कामाला गेला असेल तर पूर्ण दिवस धरू नका, दैनंदिनीतून अर्धा काढा. सरकारी गाडीनं गेलेल्या अधिकाऱ्याच्या प्रवास भत्ता देयकात गाडीभाडं नसतं, दैनिक भत्ता असतो. लॉगबुकमधलं डिझेल वेगळं जोडायचं. दोन्हीकडे किलोमीटर दिसले म्हणून दोनदा धरू नका. मंत्रालयातला खर्च किलोमीटरच्या प्रमाणात जिल्ह्यांना वाटू नका. तो अख्ख्या प्रस्तावाचा आहे, तसाच एका ओळीत ठेवा. पक्क्या कागदावरचा आकडा आणि तुम्ही तासांवरून काढलेला अंदाज यांना दोन शाई वापरा, किंवा दोन रकाने.

काय मिसळायचं नाही

गावात सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. वन मंजुरीसाठी कंपनी निव्वळ वर्तमान मूल्य भरते. जानेवारी २०२२ मध्ये सुधारलेले दर हेक्टरी ९,५७,७८० ते १५,९५,७९० रुपये असे आहेत, जंगलाच्या प्रकारानुसार आणि दाटीनुसार. हा पैसा कॅम्पाच्या, म्हणजे पर्यायी वनीकरणाच्या, निधीत जातो, त्यातला ९० टक्के राज्याच्या वाट्याला येतो. हा परीक्षणाचा खर्च नाही, जंगलाच्या नुकसानीची किंमत म्हणून घेतलेली रक्कम आहे. पर्यायी वनीकरणाचा पैसाही तसाच. शेतकऱ्याला वापर हक्कापोटी मिळणारी जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के रक्कम आणि पिकाची, झाडांची भरपाई हा तर जमिनीचा व्यवहार. १९६२ च्या कायद्यातला सक्षम प्राधिकारी बहुधा महसूल खात्यातून प्रतिनियुक्तीवर आलेला असतो. त्याच्या कार्यालयाचा खर्चही यात धरू नये, कारण ते भूसंपादनासारखं काम आहे, पर्यावरणाची तपासणी नव्हे. हे आकडे मिसळले की परीक्षण भलतंच महाग दिसतं, आणि ‘नियमांमुळे विकास अडतो’ म्हणणाऱ्याच्या हाती आयतं कोलीत मिळतं.

आकडा निघाल्यावर तुलना कशाशी करायची, हेही विचारतात. अमेरिकेत १९७० पासून पर्यावरण परीक्षणाचा कायदा आहे, पण तिथल्या सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयानं २०१४ मध्ये लिहिलं की बहुतेक खाती या खर्चाची नियमित नोंदच ठेवत नाहीत. अपवाद ऊर्जा खात्याचा. २००३ ते २०१२ मध्ये त्यांच्या मोठ्या अहवालांवर कंत्राटदारांना दिलेल्या रकमेचा मध्यक (क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा) १४ लाख डॉलर होता, आणि सर्वात कमी ६० हजार ते सर्वात जास्त साडेआठ कोटी डॉलर असा पसारा होता. एवढा पसारा असताना ‘अमेरिकेत इतका, आपल्याकडे तितका’ अशी सरळ तुलना करू नये. तिथला एक नियम मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे: संघराज्याच्या जमिनीवरून तेलवाहिनी न्यायची असेल तर अर्ज तपासण्याचा सरकारचा खर्च कायद्यानंच अर्जदाराकडून वसूल होतो. कॅनडातून अमेरिकेत न्यायच्या कीस्टोन एक्सएल तेलवाहिनीच्या वेळी पर्यावरण अहवाल लिहिणाऱ्या सल्लागाराला पैसे कंपनीनं दिले, पण काम परराष्ट्र खात्याच्या देखरेखीखाली झालं. आपल्याकडे पैसेही कंपनीचे आणि देखरेखही कंपनीची. ग्रामसभेच्या ठरावात काही मागायचं असेल तर हा फरक मागा.

तुमच्या तुलनेसाठी शेजारचा जिल्हा जास्त उपयोगी. एकाच वाहिनीच्या दोन जिल्ह्यांतल्या सुनावण्यांचे कागद शेजारी ठेवा. एकीकडे जाहिरात आहे आणि दवंडीची नोंद नाही, एकीकडे वनखात्याची पाहणी दोन दिवसांची आणि दुसरीकडे अर्ध्या दिवसाची, असं लगेच दिसतं. कमी खर्च म्हणजे कार्यक्षमता असं समजू नका. पाहणीच झाली नसेल तर खर्च शून्यच येणार. असा कागद सापडला आणि मंजुरी निघालेली असेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठात ३० दिवसांत अपील करता येतं. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस. त्यानंतर दार बंद.

मंजुरी मिळाली म्हणून वही बंद करू नका. अटी पाळल्या जातात का याचा अहवाल कंपनीनं दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो, आणि तो तपासायचं काम मंत्रालयाच्या नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाकडे येतं. काळ्या मातीत खोदलेला चर पहिल्या दोन पावसाळ्यांत खचतो, धुरे तुटतात, पाणी पट्ट्यावरून वाहतं. अशा वेळी कोणी जागेवर आलं होतं का, हे त्या कार्यालयाच्या दौऱ्याच्या देयकांवरून कळतं. दरवर्षी जानेवारीत त्यांना एकच अर्ज टाका: मागच्या वर्षात या प्रस्ताव क्रमांकासाठी झालेल्या जागेवरच्या पाहण्यांचे अहवाल आणि त्यांची प्रवास भत्ता देयकं. उत्तर ‘निरंक’ आलं तरी ते तारखेसह रकान्यात लिहा.